गोरोबाकाकांचं थापटणं आणि पॅडलचा आकडा

सायकलचा नाद लागलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो. केडन्स सेन्सर घ्यावा का? हेल्मेट झालं, पुढचा-मागचा लाइट झाला, मोबाइलचा होल्डर झाला, आता पुढे काय? मग मित्रांच्या ग्रुपवर चौकशी सुरू होते. कुणी म्हणतं, ‘घेच, त्याशिवाय सुधारणा कळत नाही.’ कुणी म्हणतं, ‘पैसे उडवू नको, त्यात थोडी भर घालून चांगले टायर घे.’

परवडत असेल तर घ्यावा, नसेल तर सोडावा, इतका हा प्रश्न छोटा दिसतो. पण त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न आहेत. आपण निव्वळ मजेसाठी करतो ती गोष्ट मोजायला लागलो, की ती तीच राहते का? आणि न मोजता केली, तर ती आपोआप शुद्ध आणि चांगली होते का? पहिल्याबद्दल हल्ली बरंच बोललं जातं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

इथे मी शर्यतीत उतरणाऱ्यांबद्दल बोलत नाहीये. सकाळी कामाआधी किंवा रविवारी तास-दीड तास सायकल चालवून येणाऱ्यांबद्दल बोलतोय. मीही त्यातलाच. मी तेरचा. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, सॉफ्टवेअरची. काम बरंचसं घरून, त्यामुळे महिन्यातले काही दिवस गावी असतो. सकाळी उठून कधी ढोकीच्या दिशेने, कधी येडशीकडे जायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. माझ्या सायकलला वर्षभरापूर्वी मी सेन्सर लावला. त्यामुळे हे लिखाण लांबून केलेलं नाही.

आकडा येतो कुठून?

केडन्स म्हणजे पॅडल एका मिनिटात किती पूर्ण फेऱ्या मारतं तो आकडा. पूर्वी पॅडलच्या दांडीवर, म्हणजे क्रँकवर, एक लोहचुंबक आणि सायकलच्या सांगाड्यावर एक सेन्सर अशी जोडी असायची. चुंबक समोरून गेलं की एक फेरी मोजली जायची. आता बहुतेक सेन्सरमध्ये चुंबक नसतं. आत अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, तोच जो आपल्या मोबाइलचा स्क्रीन आडवा-उभा करतो. क्रँक फिरते तशी त्याच्या दृष्टीने ‘खाली’ ही दिशा फिरत राहते, आणि त्यावरून तो फेरी ओळखतो. एक रबरी पट्टी, एक बटन सेल, वजन काही ग्रॅम.

यात मला प्रोग्रामर म्हणून आवडलेली एक बारीक गोष्ट आहे. ब्लूटूथच्या ठरलेल्या पद्धतीत हा सेन्सर मोबाइलला ‘७२’ किंवा ‘८५’ असा आकडा पाठवतच नाही. तो दोनच गोष्टी कळवतो: आतापर्यंत एकूण किती फेऱ्या झाल्या, आणि शेवटची फेरी कधी झाली. ही वेळ तो सेकंदाच्या १०२४व्या भागात सांगतो. वजाबाकी आणि भागाकार मोबाइल करतो. म्हणजे सेन्सर एका फार प्रामाणिक साक्षीदारासारखा आहे. जे झालं तेवढंच सांगतो. कमी की जास्त, चांगलं की वाईट, हे सगळं नंतर जोडलेलं असतं. अ‍ॅप तो आकडा हिरवा किंवा लाल करतं, तो रंग सेन्सरचा नसतो.

आकड्याचा खरा उपयोग

आधी सेन्सरच्या बाजूने बोलू, कारण त्याची बाजू भक्कम आहे.

पायाने दिलेली शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. समजा, तुम्ही १०० वॉट लावताय आणि क्रँक नेहमीच्या लांबीची, १७० मिलिमीटर आहे. मिनिटाला ४५ फेऱ्या मारत असाल, तर पॅडलवर सरासरी सुमारे पावणेतेरा किलो वजनाइतका जोर पडतो. हलका गिअर टाकून ९० फेऱ्या मारल्या, तर तोच जोर निम्म्यावर, साधारण साडेसहा किलोंवर येतो. सायकल दोन्ही वेळा त्याच वेगाने पळते. फरक एवढाच, की पहिल्या वेळी भार मांडीवर आणि गुडघ्यावर जास्त पडतो, आणि दुसऱ्या वेळी पाय जास्त वेळा हलतात, दम थोडा जास्त लागतो.

आमच्या शेजारी एक काका आहेत, साठीला टेकलेले. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला सांगितली, पण गिअर हलका ठेवा असंही बजावलं. पुण्यातल्या मुलाने गिअरची सायकल पाठवून दिली. काका ती कायम सगळ्यात जड गिअरवर चालवायचे. का, तर ‘जड लागलं म्हंजी व्यायाम झाला’. हा समज फक्त त्यांचा नाही. घाम, कळ आणि दमणूक म्हणजे मेहनत, आणि मेहनत म्हणजे फायदा, असं आपल्याकडे सरळ समीकरण असतं.

याच काकांनी माझ्या हँडलवरचा मोबाइल बघून एकदा विचारलं होतं, ‘काय बघायलास सारखं त्या मोबाइलात? पाय तुझे हाईत, का मोबाइलचे?’

प्रश्न बिनतोड होता. पण थोड्या दिवसांनी मी माझाच सेन्सर काढून त्यांच्या क्रँकवर बसवला. पहिल्या दिवशी आकडा चाळिशीतच घुटमळत होता. मी म्हटलं, ‘काका, साठच्या खाली गेला की गिअर हलका करायचा, एवढंच बघा.’ पहिला आठवडा त्यांना ते पोरखेळ वाटला. पाय नुसते मोकळे फिरतात, काही लागतच नाही, अशी तक्रार. तीन आठवड्यांनी त्यांनी सेन्सर परत आणून दिला. म्हणाले, ‘झालं काम. आता कळतंय पायाला.’

या लेखात मला जे म्हणायचंय, ते बहुतेक या दोन वाक्यांतच आहे. पण ते तिथे का आहे, हे समजायला थोडं फिरून यावं लागेल.

आकडा ज्याला काही सांगत नाही

तेरच्या रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सायकलींना गिअर नसतात. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल, शेताकडे निघालेली सायकल, शाळेत निघालेल्या मुलींच्या सायकली. या सायकलींना केडन्स सेन्सर लावला, तर तो काय नवं सांगेल?

काहीच नाही. हिशेब सोपा आहे. पुढच्या चक्राला ४४ दात, मागच्याला १८, आणि चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या जरासा आत असला, तर पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी १९ किलोमीटरच्या आसपास. फेऱ्या वाढल्या की वेग त्याच प्रमाणात वाढणार. वेग माहीत असेल, तर केडन्स माहीत आहेच. तीच गोष्ट दोनदा मोजायला पैसे कशाला घालायचे?

गिअर असले, म्हणजे त्याच वेगाने जाण्याचे दोन-चार मार्ग हातात असले, तरच केडन्स ही वेगळी माहिती ठरते. म्हणजे मोजमापाला किंमत येते ती निवडीमुळे. ज्या आकड्याने तुम्ही काहीही वेगळं करणार नसता, तो कितीही अचूक असला तरी नुसती सजावट आहे.

आणि गिअर असले, तरी एक फुकटचा उपाय आहेच. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मनात मोजायचं आणि चारने गुणायचं. एका फेरीत चार-पाच वेळा असं केलं, की आठवड्याभरात आपला पाय किती फिरतो याचा अंदाज पक्का बसतो. १०२४व्या भागाची अचूकता त्यात नसते, पण गिअर बदलायचा की नाही हे ठरवायला तिची गरजही नसते.

नव्वद कुणाचे?

इंटरनेटवर कुठेही विचारा, उत्तर मिळेल: ‘९० ठेवा.’ हा आकडा आला कुठून?

शर्यतीतले सरावलेले सायकलपटू साधारण ८० ते १०० या पट्ट्यात पॅडल मारतात, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेत माणसं किती ऑक्सिजन वापरतात हे मोजलं, तर बेताच्या ताकदीने सायकल चालवताना सगळ्यात कमी ऑक्सिजन याहून बराच कमी केडन्स ठेवल्यावर लागतो, असं पुन्हा पुन्हा आढळलंय. मग सरावलेले लोक महागडा केडन्स का निवडतात? कारण तासन्‌तास, दिवसामागून दिवस जोर लावायचा असेल, तर पायाचे स्नायू वाचवणं हे श्वास वाचवण्यापेक्षा मोलाचं ठरतं. नव्वदचा आकडा त्यांच्या गरजेतून आला आहे.

त्यात लान्स आर्मस्ट्राँगने भर घातली. १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर द फ्रान्स त्याने जिंकल्या, आणि चढावर भराभर फिरणारे त्याचे पाय हे यशाचं गमक म्हणून जगभर सांगितलं गेलं. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या सेवनामुळे ती सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. पाय भराभर फिरत होते हे खोटं नव्हतंच. पण यशाच्या कारणांपैकी जे दिसत होतं आणि मोजता येत होतं तेवढंच लोकांनी उचललं. जे दिसत नव्हतं, ते कुणी मोजत नव्हतं.

आकडा उपयोगी असलेली माणसं आपल्याकडेही आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. सुमारे ४८०० किलोमीटर, रात्रंदिवस, अगदी थोड्या झोपेवर. अशा वेळी शरीर स्वतःबद्दल खोटं सांगायला लागतं. थकव्याने सुन्न झालेल्या माणसाला आपण नीट चाललोय की फरपटतोय हे आतून कळेनासं होतं, तेव्हा बाहेरचा आकडा आधार देतो.

रविवारी सकाळी चहा पिऊन निघालेल्या माणसाची ही अवस्था नसते. त्याचं शरीर त्याच्याशी खरं बोलत असतं. ते ऐकायचं सोडून दुसऱ्याच्या गरजेतून आलेला आकडा स्वतःवर बसवणं म्हणजे पैलवानाचा खुराक मापून स्वतःच्या ताटात वाढून घेणं.

मूल्य कधी बदललं?

सी. थी न्गुयेन नावाचे एक तत्त्वज्ञ आहेत. खेळ आणि गुण यांवर त्यांचं ‘गेम्स: एजन्सी अ‍ॅज आर्ट’ हे पुस्तक २०२० मध्ये आलं. त्यांनी मांडलेली एक कल्पना सेन्सरला तंतोतंत लागू पडते. आपली मूल्यं मुळात गुंतागुंतीची आणि थोडी धूसर असतात. बाहेरची एखादी व्यवस्था त्यांचं सोपं, आकड्यातलं रूप आपल्या हातात देते. ते इतकं सोयीचं असतं, की हळूहळू आपण मूळ मूल्य सोडून त्या आकड्यासाठीच जगायला लागतो.

आयटीत काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. टीमचं काम नीट चाललंय का, हे बघायला पॉइंट मोजायला सुरुवात होते. सहा महिन्यांत काम पॉइंट वाढावेत अशा बेताने कापलं जातं. यात कुणी खोटारडं नसतं. सगळे प्रामाणिकपणे आकडा सुधारत असतात, आणि आकडा सुधारतोही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम हाच: मोजमाप हेच उद्दिष्ट झालं, की ते मोजमाप म्हणून निकामी होतं.

नोकरीत याला निदान पगार तरी मिळतो. फुरसतीत तीच रीत आणली, तर मिळतं काय? तुम्ही सायकलवर का बसता, हे आठवून बघा. डोकं मोकळं करायला, हवा खायला, तेरणेच्या काठाने उगवतं ऊन बघायला, घरातल्या कटकटीपासून तासभर सुटायला. यातलं एकही क्रँकवर मोजता येत नाही. सेन्सर खोटं बोलत नाही, पण तो ज्या गोष्टीबद्दल खरं बोलतो ती तुमच्या येण्याचं कारण नसते. रोज समोर एकच आकडा दिसत राहिला, तर काही महिन्यांनी तेच कारण वाटायला लागतं. ‘आज सरासरी ७४ आली, कालच्यापेक्षा कमी,’ असं म्हणत उतरलेल्या चेहऱ्याने घरी येणारा माणूस मुळात चेहरा उजळावा म्हणून बाहेर पडला होता.

पण मग फेकूनच द्यायचा का?

इथवर आल्यावर मोह होतो तो उलट टोकाला जायचा. सेन्सर फेका, मोबाइल घरी ठेवा, नुसते सायकलमध्ये विरघळून जा. ऐकायला छान वाटतं. पण तेरमध्ये वाढलेल्या माणसाला हे इतक्या सहज मान्य होत नाही, कारण आमच्या गावाकडे विरघळून जाण्याबद्दलची एक अवघड गोष्ट आहे.

तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. आम्ही त्यांना गोरोबाकाका म्हणतो. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांची सगळ्यांना ठाऊक असलेली कथा चिखल तुडवण्याची. बायको पाणी आणायला गेली होती. गोरोबाकाका भजनात रंगून पायाने माती तुडवत होते. रांगतं मूल त्या मातीत आलं आणि त्यांच्या पायाखाली गेलं. त्यांना कळलं नाही. कथेच्या शेवटी विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळतं.

भाविक ही कथा गोरोबाकाकांच्या तल्लीनतेची म्हणून सांगतात, आणि तो अर्थ खोडायचा माझा अधिकार नाही. पण परंपरेने त्या कथेतून आईचा आक्रोश वगळलेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. ती पाणी घेऊन परत येते आणि मूल कुठे आहे असं विचारते. ज्यांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना तल्लीनतेचं मोल ठाऊक होतं आणि तिची किंमत कुणाला मोजावी लागते हेही ठाऊक होतं. पाय लयीत पडत असतात, मन दुसरीकडे असतं, आणि पायाखाली काय येतंय ते दिसत नाही.

रस्ता हा काही आपल्या एकट्याचा नसतो. उसाच्या हंगामात ढोकीच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. वस्तीवरून अचानक पळत येणारी पोरं असतात, शेळ्या असतात, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल असते. अशा ठिकाणी आकड्यात गुंतलेला माणूस आणि स्वतःच्या आनंदात हरवलेला माणूस, दोघेही सारखेच धोकादायक. एकाची नजर हँडलवर आहे, दुसऱ्याची आत. रस्त्यावर दोघेही नाहीत.

म्हणून मला वाटतं, सेन्सरचा खरा नैतिक प्रश्न मोजावं की मोजू नये हा नाही. तो लक्षाचा आहे. ही वस्तू माझं लक्ष कुठे नेते? माझ्या पायाकडे आणि समोरच्या रस्त्याकडे परत आणून सोडते, की स्वतःकडेच ठेवून घेते?

जपमाळ घेऊन बसलेल्या आजीला बघा. मोजणी तिथेही आहे, तीही १०८ पर्यंत काटेकोर. पण माळ मोजणी बोटांकडे सोपवते, आणि मन मोजण्यातून मोकळं होतं. हँडलवरचा स्क्रीन नेमकं उलटं करतो. पाय जे काम आपोआप करत होते, ते उचलून तो डोळ्यांच्या आणि मनाच्या अंगावर टाकतो.

थापटणं कसं वापरावं

गोरोबाकाकांची दुसरी कथा मोजमापाचीच आहे. ज्ञानदेव, मुक्ताबाई, नामदेव अशी सगळी संतमंडळी त्यांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे काय? गोरोबाकाका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं हे याने कळतं. मग आमच्यातलं कोण कच्चं तेही बघा, असं ती म्हणाली. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. हे मडकं कच्चं, असा निकाल लागला. नामदेव दुखावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू केलं.

भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो, कच्च्यावर मारली तर दबका. हाही एक सेन्सरच. पण तो कसा वापरला गेला ते बघण्यासारखं आहे. परीक्षा मागून घेतली होती. मारणाऱ्या हाताला आवाजाचा अर्थ लावता येत होता. निकालाने काहीतरी बदललं, एक माणूस गुरूच्या शोधात निघाला. आणि परीक्षा एकदाच झाली. नामदेव नंतर रोज सकाळी डोक्यावर थापटणं मारून घेत बसले नाहीत. कुंभारही पक्क्या मडक्यावर थापटणं मारत राहत नाही. ते पाण्याने भरतो.

आमच्या शेजारच्या काकांचं हेच झालं. गुडघा दुखत होता, म्हणजे प्रश्न खरा होता. आकड्याचा अर्थ सांगायला कुणीतरी होतं. गिअर हातात होता, म्हणजे निकालानंतर काही करता येत होतं. तीन आठवड्यांत जे आकड्यात होतं ते पायात उतरलं, आणि त्यांनी सेन्सर परत केला. शिकवून झाल्यावर ज्याची गरज उरत नाही, ते चांगलं मोजमाप. ज्याची गरज दिवसेंदिवस वाढत जाते, ते आपल्याला काहीच शिकवत नसतं.

शून्याचा प्रश्न

आता सेटिंगमधली एक छोटी गोष्ट. सायकलच्या बऱ्याच कॉम्प्युटरांत एक पर्याय असतो: सरासरी काढताना शून्य धरायचं की नाही? उतारावर आपण पॅडल मारणं थांबवतो, सायकल आपसूक पळते, तेव्हा केडन्स शून्य असतो. शून्य धरलं तर सरासरी पडते. न धरलं तर आकडा छान दिसतो, पण उतार रेकॉर्डमधून गायब होतो. रामलिंगच्या घाटात चढताना काढलेला घाम मोजला जातो. उतरताना अंगावर घेतलेला वारा मोजलाच जात नाही, किंवा मोजला तर तो आपल्या विरोधात जातो.

फुरसतीसाठी सायकल चालवणारा माणूस नेमका या शून्यासाठी घराबाहेर पडलेला असतो.

कुंभाराचं जुन्या पद्धतीचं चाक आठवा. काठी खोबणीत घालून ते जड चाक जोरात फिरवायचं, मग काठी बाजूला ठेवायची. चाक स्वतःच्या वजनाने फिरत राहतं, आणि मडकं घडतं ते त्या वेळात. काठी किती वेळा मारली एवढंच मोजलं, तर मडकं हिशेबात कुठेच दिसणार नाही.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते येतं. त्यात भडोचहून पैठण २० दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेला तगर आणखी १० दिवसांवर असल्याचं सांगितलंय. इथून माल गाड्यांतून भडोचकडे जायचा. ‘दिवस’ हे माप आज ढोबळ वाटतं, पण त्यात रात्रीचा मुक्काम होता, बैलांचा दाणापाणी होता, नदीला पूर आला म्हणून थांबणं होतं. थांबण्याला त्या मापात जागा होती. आजही लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि घड्याळ चहाला, पंक्चरला, झाडाखालच्या डुलकीलाही चालूच राहतं. कसं थांबायचं हे ज्याला कळतं, तो त्यात वेळेत पोहोचतो.

मग घ्यावा का?

गिअरची सायकल असेल, गुडघा दुखत असेल किंवा चढावर कायम दमछाक होत असेल, आणि कितीही प्रयत्न करून गिअर कधी बदलावा हे कळत नसेल, तर जरूर वापरा. शक्यतो मित्राचा मागून आणा, तीन-चार आठवडे लावा. मोबाइल खिशात ठेवा आणि आकडे घरी आल्यावर बघा. ‘अमुकच्या खाली गेलं की गिअर हलका’ असा एकच नियम ठरवा, आणि पायाला तो कळला की परत द्या. बिनगिअरची सायकल असेल, तर विचारही करू नका. आणि सगळं उत्तम चाललंय, फक्त ग्रुपमधल्या बाकीच्यांकडे आहे म्हणून हवासा वाटतोय, तर ते पैसे चांगल्या टायरसाठी बाजूला ठेवा.

मोजायला हरकत कधीच नसते. मात्र मोजणारा कोण, त्या उत्तराने काय बदलणार आणि मोजणी थांबणार कधी, हे आधी ठरलेलं असावं. हे न ठरवता लावलेला सेन्सर काही ग्रॅमचाच असतो, पण उतारावरही जड लागतो.

माझा सेन्सर सध्या टेबलाच्या खणात आहे. काकांनी परत दिल्यावर मी तो पुन्हा क्रँकवर चढवला नाही. गल्लीतल्या आणखी एकाने परवा मागितलाय. त्याला देताना मी एकच गोष्ट सांगणार आहे: परत कधी आणून देणार, ते आधी सांग.